न आलेल्या रुग्णांची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आरोग्यसेवेविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते, त्यात नवी रुग्णालये, खाटांची संख्या, महागडी यंत्रे, विम्याची कार्डे आणि तज्ज्ञांची रिक्त पदे हे विषय वारंवार येतात, आणि ते यायलाच हवेत. परंतु सार्वजनिक रुग्णालयात औषधवाटपाच्या खिडकीमागे २७ वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आरोग्यसेवा माणसापर्यंत पोहोचली की नाही, हे त्याच्या पहिल्या भेटीवरून कळत नाही. ते दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या भेटीवरून कळते. आज जगात सर्वाधिक मृत्यू ज्या आजारांनी होतात, ते हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहासारखे दीर्घकाळ उपचार मागणारे आजार आहेत. अशा आजारात रुग्ण पुन्हा येऊ शकला नाही, तर पहिल्या भेटीत केलेले निदान कागदावरच राहते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातला एक केसपेपर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असा तो कागद होता. पहिल्या नोंदीत रक्तदाब १७२/१०४ आणि तीस दिवसांच्या गोळ्या. महिन्याने दुसरी नोंद, १४८/९२. म्हणजे औषध लागू पडत होते. त्याखाली दहाच दिवसांच्या गोळ्या दिल्याची माझ्या अक्षरातली नोंद आणि शेजारी ‘साठा कमी’ हे दोन शब्द. त्यानंतर सात महिने काहीच नाही. आणि मग आंतररुग्ण विभागाचा शिक्का: उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. तो कागद घेऊन खिडकीशी आलेल्या त्या रुग्णाच्या मुलीने मला विचारले, “काका, गोळ्या चालू असत्या तर हे टळलं असतं का?” मी “नक्की सांगता येत नाही” एवढेच म्हणालो. ते खोटे नव्हते, पण तिला हवे होते ते उत्तरही नव्हते, आणि त्यानंतर तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

दहा दिवसांची ती नोंद कशी होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. साठा संपत आला आणि पुढचा पुरवठा केव्हा येईल याची खात्री नसली, की आहे तेवढे सगळ्यांना पुरावे म्हणून औषधनिर्माता तीसऐवजी दहा गोळ्या देतो. त्यात लबाडी नसते. कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये एवढीच इच्छा असते आणि मीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. पण महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला आपण त्यामुळे तीनदा बोलावतो, हे मला फार उशिरा उमगले. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एक खाडा. आधी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांच्या दाराशी, मग तपासणीसाठी, आणि शेवटी माझ्या खिडकीसमोर; तोवर खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते. महिन्यातला एक खाडा माणूस सोसतो, तीन सोसू शकत नाही. त्यातून अंगात ताप नाही, कुठे दुखत नाही, झोप नीट लागते. मग आज न गेले तर काय बिघडेल, असे त्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा?

उच्च रक्तदाबाची खरी अडचण हीच आहे की, तो बहुधा कुठलीच तक्रार न देता आपले काम करत राहतो, आणि औषध मात्र कधीकधी तक्रारी देते. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. या दोन्हींवर साधे उपाय आहेत: मात्रा कमी करणे, गोळी बदलणे. परंतु हे आधी कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे रुग्ण मनाशीच ठरवतो की गोळी आपल्याला ‘सोसत नाही’, आणि ती सोडून देतो. पुढच्या वेळी समोर डॉक्टरही वेगळेच असतात, त्यांच्याशी पहिल्यापासून बोलावे लागते, आणि दोन मिनिटांच्या भेटीत खोकल्याचा विषय निघतच नाही. खिडकीशी गोळ्या मोजताना मी ज्यांना ही एवढी माहिती देऊ शकलो, ते पुढच्या महिन्यात बहुतेक परत आले, असा माझा अनुभव आहे. मात्र मागे साठ-सत्तर माणसे उभी असताना प्रत्येकाशी बोलणे जमत नसे.

औषध मध्येच सोडणाऱ्या क्षयरुग्णाला आमच्याकडे सर्रास ‘डिफॉल्टर’ म्हटले जाई. कर्ज बुडवणाऱ्यासाठी वापरतात तोच हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये क्षयरोगाच्या नोंदींच्या व्याख्या बदलताना तो काढून टाकला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. हा बदल केवळ सौजन्याचा नाही, कारण पहिल्या शब्दात चूक रुग्णाची ठरते, तर दुसऱ्यात तो कोणाच्या हातून सुटला, हा प्रश्न विचारावा लागतो. दीर्घ आजारांच्या बाबतीत हा प्रश्न आपण अजूनही पुरेशा गांभीर्याने विचारत नाही. याच संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, श्रीमंत देशांतही दीर्घकालीन उपचार सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी अवघे ५० टक्के होते. म्हणजे अडाणीपणा, बेफिकिरी ही नेहमीची कारणे पुढे करून हा विषय संपत नाही.

आकडे पाहिले तर चिंता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांची संख्या १९९० मध्ये सुमारे ६५ कोटी होती, ती २०१९ पर्यंत १३० कोटींवर गेली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही, आणि दर पाचांपैकी चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. यासाठी लागणारी औषधे जुनी आहेत, त्यांचे पेटंट केव्हाच संपलेले आहेत, आणि रक्तदाब मोजायला कुठलेही मोठे यंत्र लागत नाही. शास्त्राने आपला वाटा पूर्ण केल्यावर उरलेले काम इतकी वर्षे रेंगाळत असेल, तर ते व्यवस्थेचे काम आहे.

हे काम होऊ शकते, याचा दाखला जुना आहे. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकॉरूग या कोळसा खाणकामगारांच्या गावात साध्या कुटुंब-डॉक्टरचे काम करीत होते. जिथे गरज सर्वांत जास्त असते, तिथेच चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी मिळते, हा नियम त्यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि त्यासाठी ते जगभर ओळखले जातात. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी आपल्या यादीतल्या सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायचे ठरवले, जे आपणहून आले नाहीत त्यांचा पाठपुरावा केला, आणि हे वर्षभरापुरते न करता पिढीभर चालवले. पंचवीस वर्षांनी त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा असा उपक्रम नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत त्यांच्या गावातले मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. त्यांच्याकडे गावाची पूर्ण यादी होती, त्यामुळे कोण आले नाही हे त्यांना कळत होते. कोस्टा रिकाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हीच गोष्ट देशभर केली: सुमारे चार-पाच हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य पथक, आणि त्यातच घरोघर जाणारा एक कार्यकर्ता.

दुसरा धडा एचआयव्हीच्या उपचारांतून मिळतो. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना दर महिन्याला बोलावण्याऐवजी तीन ते सहा महिन्यांची औषधे एकदम द्यावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली, आणि ती अनेक देशांनी अमलात आणली. तोच नियम रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांना लावायला काय हरकत आहे? एवढ्या गोळ्या हरवतील, वाया जातील किंवा रुग्ण तपासणीलाच येणार नाही, अशी शंका माझे सहकारी घेत, आणि ती अगदीच निराधार नाही. सुरुवातीचे काही महिने मात्रा ठरेपर्यंत रुग्णाने वरचेवर यायलाच हवे, आणि काही औषधांसाठी मूत्रपिंडाची तपासणी चुकवता येत नाही. पण मात्रा एकदा स्थिर झाल्यावर केवळ गोळ्यांच्या पाकिटासाठी माणसाला रांगेत उभे करण्याने त्याच्या प्रकृतीवर लक्ष राहते, असे मला कधीच दिसले नाही. तसेच रक्तदाबाची दोन औषधे एकाच गोळीत देण्याचा मार्ग २०१९ पासून अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आहे. ज्या घरात तिघांच्या मिळून चौदा गोळ्या एका डब्यात असतात, तिथे एक गोळी कमी होणे ही मोठी सोय आहे.

मोबाईलवर आठवणीचा संदेश पाठवण्याची पद्धत आता रूढ होते आहे. ती चांगली आहे, परंतु घरात एकच फोन असेल आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असेल, तर वृद्ध आईची तारीख कोणाला कळते, याचा विचार ती राबवणाऱ्यांनी करावा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मोजणीचा आहे. रुग्णालयाचे काम बाह्यरुग्ण विभागात किती माणसे आली यावरून जोखले जाते. तीस दिवसांची औषधे दहा-दहा दिवसांनी दिली, तर एकाच रुग्णाच्या तीन नोंदी होतात आणि अहवालात काम तिप्पट दिसते. उलट तीन महिन्यांची औषधे एकदम दिली, रुग्णाचा खाडा वाचवला आणि रक्तदाबही आटोक्यात ठेवला, तर तेच रुग्णालय आकड्यांत मागे पडते. मासिक अहवालाच्या तक्त्यांत मी अनेक रकाने भरले आहेत. ‘येणे अपेक्षित होते, पण आले नाहीत’ असा रकाना त्यांत एकही नव्हता. क्षयरोगाच्या कार्यक्रमात तो असतो, आणि म्हणूनच तिथे न आलेल्या रुग्णाच्या घरी कोणीतरी जाते. आमच्याकडे रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी जाणारे कोणी नसे, कारण तो आला नाही हेच कोणाला ठाऊक नसे.

आठवड्यातून किमान एक संध्याकाळ ओपीडी आणि औषधाची खिडकी उघडी ठेवणे, साठा संपण्यापूर्वीच वरच्या कार्यालयाला आपोआप सूचना जाणे, स्थिर रुग्णांना तीन महिन्यांची औषधे देणे आणि तारीख उलटलेल्यांची यादी दर आठवड्याला परिचारिकेच्या हाती देणे, या गोष्टींसाठी नवी इमारत लागत नाही. परिचारिका आणि औषधनिर्माते मात्र पुरेसे लागतात, आणि ती पदे रिकामी ठेवून यातले काहीही साधणार नाही, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

संपादक महोदय, आपले वार्ताहर रुग्णालयांच्या बातम्या करायला जातात तेव्हा किती रुग्णांवर उपचार झाले, हे विचारतात आणि तो आकडा ठळक छापला जातो. माझी विनंती आहे की, यापुढे त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: वर्षापूर्वी ज्यांना रक्तदाबाची पहिली गोळी दिली, त्यांच्यापैकी आज किती जण येत आहेत आणि किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे? उत्तर मिळाले तर ते छापावे, आणि अशी नोंदच ठेवलेली नसल्याचे कळले, तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माता