बाबांच्या पोटासाठी डॉक्टर बघताना

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांचं वजन उतरतंय हे आईने फोनवर सहज सांगितलं, पण मला तेच खटकलं. नुसत्या अ‍ॅसिडिटीने सहसा वजन उतरत नाही. घास अडकतो का, शी काळी होते का, हे डॉक्टरांना लाजून न ठेवता सांगा. दुर्बिणीची तपासणी करू म्हणाले तर दिवाळीनंतर बघू म्हणायचं नाही.

कोथरूडात पाट्यांना तोटा नाही. 'पोटविकार तज्ज्ञ' या शब्दांवर जाऊ नका, खालची पदवी वाचा. एमडीनंतर गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत डीएम किंवा डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात) हवं. एमसीएच म्हणजे सर्जन, त्यांच्याकडे आत्ताच नको. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आहे ना, ते दादा बघेल.

बाबा, तुम्ही विचारलंत, औषध कंपन्या डॉक्टरांना पैसे देतात हे खरं का? देतात. इथे अमेरिकेत 2010 च्या कायद्याने ते सरकारला कळवावे लागतात आणि 2014 पासून 'ओपन पेमेंट्स' या सरकारी साइटवर कुणालाही बघता येतात. माझ्या डॉक्टरांच्या नावावर जेवणाचे किरकोळ डॉलर निघाले. त्याचं मला काही वाटलं नाही. एखादा डॉक्टर एकाच औषधावर भाषणं देऊन दरवर्षी भरघोस मानधन घेतो आणि चिठ्ठीवरही तेच लिहितो, तिथे मात्र मी दुसरं मत घेईन.

आपल्याकडे अशी नाव टाकून बघायची सोय नाही. डॉक्टरांनी भेटवस्तू, सहली घेण्यावर 2009 पासून बंदी आहे, 2024 मध्ये कंपन्यांसाठीही आचारसंहिता आली, पण पेशंटच्या हाती काय लागतं? चिठ्ठी. तीच वाचायची. पहिल्याच भेटीत एन्झाइम, प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक अशी रांग लागली तर कुठलं कशासाठी, किती दिवस, जेनेरिक चालेल का, हे विचारा. (विचारताना बँकेच्या ऑडिटला बसल्यासारखा चेहरा नको.) बाहेर बॅगा घेतलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दिसले म्हणून उठून येऊ नका, ते सगळीकडेच असतात.

आणि अ‍ॅसिडिटीची ती पँटोप्राझोल गोळी तुम्ही पोहे खाऊन झाल्यावर घेता, हो ना? ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते.

आई, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाल. बाबांची रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना आवर्जून दाखव, पण आपल्या मनाने बंद करू नका. अपॉइंटमेंट मिळाली की वार-वेळ कळवा, मी फोनवर थांबेन.

तुमची,
अमू