रजेची पिवळी पट्टी आणि बाबांची तिथी

लेस्टर, इंग्लंड
29 जानेवारी 2026

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचा शनिवारचा निरोप मिळाला. मला रजा मिळतच नसेल तर बाबांचे वर्षश्राद्ध अमावास्येला करून घेऊ, तशी सोय असते, असे तुम्ही कळवलेत ते माझी ओढाताण होऊ नये म्हणूनच, हे मी जाणतो. परंतु आता तशी वेळ येणार नाही. मी शुक्रवारी 6 फेब्रुवारीला दुपारपर्यंत इंदूरला पोचतो आहे आणि रविवारी 8 तारखेला, माघ वद्य सप्तमीलाच, विधी करायचा आहे. तेव्हा गुरुजींना आधी ठरल्याप्रमाणेच सांगावे. मधल्या आठवड्यात इथे काय घडले ते फोनवर बोलता आले नाही, कारण प्रत्येक वेळी आईही त्याच फोनवर जोडलेली असे. म्हणून सविस्तर लिहितो.

मला वर्षाला 28 दिवसांची भरपगारी रजा आहे आणि त्यातले आठ दिवस इथल्या सार्वजनिक सुट्ट्यांत जातात. उरलेल्या वीसपैकी पाच मी ऑगस्टमध्ये मुलांच्या सुट्टीत घेतले आणि पंधरा या कामासाठी राखून ठेवले. दिवाळीतही कामावर गेलो. सप्टेंबरमध्येच 2 ते 20 फेब्रुवारी असा अर्ज केला, त्या वेळच्या मॅनेजरने तो लेखी मंजूर केला आणि त्यानंतरच मी तिकिटे काढली. नोव्हेंबरमध्ये नवे मॅनेजर आले. गोदामात नवी संगणक प्रणाली बसवायची आणि त्याआधी सगळ्या मालाची मोजणी करायची असे ठरले, आणि 22 जानेवारीला मला दोन ओळींची ईमेल आली की तुमची रजा 2 मार्चपासून सुरू होईल अशी हलवली आहे, सहकार्याबद्दल आभार.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटलो. काचेच्या लहानशा खोलीत त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर सगळ्यांच्या रजांचा तक्ता होता, त्यात माझ्या नावापुढे एक पिवळी पट्टी होती, आणि ती त्यांनी माऊसने फेब्रुवारीतून उचलून मार्चमध्ये कशी ठेवली हे मला पुन्हा एकदा करून दाखवले. तितके सोपे काम होते ते. पट्टीची लांबी तीच, रंगही तोच, मग तुमचे नुकसान काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मला वाटते तो त्यांनी प्रामाणिकपणे विचारला.

मी सांगितले की वडिलांच्या पहिल्या वर्षाचा विधी आहे आणि तो मला, एकुलत्या एक मुलाला, करायचा आहे. त्यांनी माझी फाईल उघडली आणि म्हणाले, तुमचे वडील तर गेल्या वर्षी 20 फेब्रुवारीला वारले, मग विधी 8 तारखेला कसा? आता तिथी म्हणजे काय, चांद्र वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे तारीख दर वर्षी कशी मागे येते आणि अधिक मास आला की पुन्हा कशी पुढे जाते, हे इंग्रजीत समजावताना माझी काय गत झाली असेल याची तुम्ही कल्पना करा. पुरावा म्हणून मी आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या पानाचा फोटो आणि गुरुजींनी लिहून दिलेली चिठ्ठी दोन्ही दिली. तिथेच घोटाळा झाला. गुरुजींची चिठ्ठी इंदूरच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत, त्यात फाल्गुन कृष्ण सप्तमी. कालनिर्णयात माघ वद्य सप्तमी. कचेरीतल्या कोणीतरी दोन्हींचे भाषांतर करून पाहिले आणि कागदपत्रांत महिनाच जुळत नाही असा शेरा माझ्या अर्जावर पडला! आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचे नाव वेगळे पडते पण दिवस एकच असतो, ही गोष्ट लोकमान्य नगरातल्या आपल्या घरात लहानपणापासून इतकी अंगवळणी पडलेली की ती कोणाला खोटेपणाची वाटेल असे स्वप्नातही आले नव्हते. शेवटी त्यांनी तोडगा सुचवला: 8 तारीख रविवारच आहे, शनिवार-रविवारात जाऊन या. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर बरे झाले नसते.

त्या संध्याकाळी मी ‘एकास’च्या (Acas) मदतवाहिनीला फोन केला. कामगार आणि मालक यांच्यातल्या तंट्यांत विनामूल्य सल्ला देणारी ती इथली सार्वजनिक संस्था आहे. त्यांनी सांगितलेले तुम्हाला जसेच्या तसे कळवतो, कारण तुम्ही आयुष्यभर कारखान्यात काढलेत आणि 1948 च्या कारखाना कायद्यात दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा कशी साचते हे तुम्हीच मला शिकवले होते. इथल्या 1998 च्या कामाच्या वेळांच्या नियमांप्रमाणे मंजूर झालेली रजासुद्धा मालक रद्द करू शकतो. मला हा धक्काच होता. मात्र जितक्या दिवसांची रजा, निदान तितके दिवस आधी त्याने तसे कळवले पाहिजे. माझी रजा पंधरा दिवसांची आणि ईमेल आली अकरा दिवस आधी. म्हणजे मॅनेजरसाहेबांनी चारच दिवस लवकर पत्र धाडले असते तर या नियमापुरते तरी माझ्या हाती काही उरले नसते. तेव्हा काका, मी मोठी लढाई जिंकलो असे कोणाला सांगू नका. त्यांचा उशीर माझ्या उपयोगी पडला.

सोमवारी, आपल्या प्रजासत्ताक दिनी, मी रीतसर लेखी तक्रार दिली. पत्रात भावनेचा एकही शब्द घातला नाही. मंजुरीची तारीख, तिकिटांची तारीख, नोटिशीची तारीख आणि नियम, एवढेच. अशा तक्रारीच्या बैठकीला सहकाऱ्याला किंवा युनियनच्या प्रतिनिधीला सोबत नेण्याचा इथे हक्क आहे. मी युनियनचा सभासद नाही (ती चूक आता सुधारणार आहे), म्हणून शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बाईंना विचारले. त्यांचे घराणे 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलले तेव्हा इथे आलेले. त्यांनी स्वतः भारत दोनदाच पाहिला आहे. पण श्राद्ध हा शब्द ऐकताच त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, तिथी कोणी हलवते का. कालच्या बैठकीत महिन्यांच्या दोन नावांचा उलगडाही त्यांनीच केला, दोन वाक्यांत, आणि त्यांच्या लेस्टरी इंग्रजीत तो माझ्यापेक्षा कितीतरी पटण्यासारखा वाटला.

ठरले ते असे. 5 ते 13 फेब्रुवारी असे कामाचे सात दिवस मला रजा, तिकिटे बदलण्याचा खर्च कंपनीचा, आणि राहिलेले आठ दिवस एप्रिलपासूनच्या नव्या वर्षात घेता येतील असे लेखी. संमतीने इतकेच दिवस पुढे नेता येतात, म्हणून हिशेब बरोबर बसला. मालमोजणीचे पहिले तीन दिवस मी इथे असेन. त्यांचीही अडचण खरी होती. दोन माणसे आजारी आहेत आणि माल औषधांचा आहे. मॅनेजरने क्षमा मागितली नाही. बैठक संपल्यावर त्यांनी पट्टी पुन्हा फेब्रुवारीत ठेवली, ती आता निम्म्याहून लहान दिसते.

मार्चमधल्या ज्या तारखा त्यांनी मला दिल्या होत्या त्यांत नेमकी रंगपंचमी येत होती. बाबांचे श्राद्ध चुकवून मी इंदूरच्या राजवाड्यावर गेर, ती रंगांची मिरवणूक, बघत उभा, हे बाबांना ऐकवले असते तर ते स्वतः हसले असते.

यातले आईला काही कळू देऊ नये. मी तीन आठवड्यांऐवजी नऊ दिवसच राहणार, याचे कारण नवी संगणक प्रणाली एवढेच तिला सांगितले आहे आणि ते खोटे नाही. शक्य झाल्यास तुम्ही आणि काकू पुण्याहून बुधवारीच निघावे, म्हणजे मी येईपर्यंत ती एकटी नसेल. दर्भ, काळे तीळ आणि पत्रावळी गुरुजी आणणार आहेत. बाबांचे चांदीचे तांब्या-पळी-पंचपात्र मात्र आईच्या कपाटात वरच्या खणात आहे, तेवढे काढून घासून ठेवावे. येताना आईसाठी गरम शाल आणतो आहे. तुम्हाला इथून काही हवे असल्यास सोमवारपर्यंत कळवावे.

ती. काकूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या