होस्टिंग सोडले म्हणून आमचे डोमेन अडवून ठेवल्याबद्दल लेखी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी व ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : डोमेनचे शुल्क भरलेले असूनही त्याचा ताबा व ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी लागणारा संकेतांक) नाकारल्याबाबत

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे. यापुढे मी फोन करणार नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा आणि माझ्या भावाचा रबरी गॅस्केट व ऑइल सील बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आमचे बहुतेक ग्राहक रबाळे, महापे आणि तुर्भे येथील कारखाने असून त्यांचे खरेदी विभाग ड्रॉइंग, चौकशी आणि पर्चेस ऑर्डर ईमेलनेच पाठवतात.

आपल्याकडे आमच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या : फर्मच्या नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा पत्ता, आणि वेबसाईट व ईमेलसाठीचे होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा. होस्टिंग पहिल्या वर्षी सवलतीत दिले गेले आणि नूतनीकरणाच्या वेळी रक्कम कितीतरी पटीने वाढवली गेली, म्हणून होस्टिंग पुढे चालू ठेवायचे नाही, डोमेन मात्र ठेवायचे आहे, असे मी मुदत संपण्यापूर्वीच लेखी कळवले आणि डोमेनचे शुल्क १८ टक्के जीएसटीसह भरले. त्याचे बिल आपणच दिले आहे. ठरल्याप्रमाणे होस्टिंग बंद झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु डोमेनचे डीएनएस, म्हणजे वेबसाईट व ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावेत हे ठरवणाऱ्या नोंदी, बदलण्याची सोयही त्याच वेळी आमच्या खात्यातून काढून घेण्यात आली. नव्या होस्टिंगसाठी ए रेकॉर्ड बदलता येत नाही, ईमेलसाठी एमएक्स रेकॉर्ड घालता येत नाही, नेमसर्व्हरही बदलता येत नाहीत. आम्हाला पाठवलेला प्रत्येक ईमेल पाठवणाऱ्याकडे परत जात आहे, आणि आमच्या एका जुन्या ग्राहकाने तर कारखाना बंद झाला का, अशी विचारणा केली.

आजच्या बोलण्याचा वृत्तांत मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण आपल्या प्रतिनिधीने काय सांगितले ते आपल्या व्यवस्थापनाने वाचावे अशी माझी इच्छा आहे. मी ट्रान्सफर कोड मागितला, तेव्हा त्यांनी मला ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितले. वेबसाईट दिसत नाही ही माझी तक्रार नसून मला डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, न्यायचे आहे, हे मी पुन्हा स्पष्ट केले. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, डोमेन आणि होस्टिंग एकच असतं. पॅकेज बंद म्हणजे सगळं बंद.” मग मी विचारले की, डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे? बराच वेळ मला होल्डवर ठेवून ते परतले आणि म्हणाले, “सिस्टीममध्ये कंपनीचं नाव आहे.” कोणत्या कंपनीचे, असे विचारल्यावर उत्तर आले, “आमच्या.” मी बिलाचा क्रमांक सांगू लागले, तेव्हा मला मध्येच थांबवून ते म्हणाले, “तुमचा कोणी वेबसाईटवाला मुलगा असेल ना, त्याला फोन द्या, त्याला कळेल.” या फर्मची भागीदार मी आहे, शुल्क मी भरले आहे आणि मी काय मागते आहे हे मला नीट कळते, असे मी त्यांना सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “मग तीन वर्षांचं पॅकेज घ्या, दहा मिनिटांत सगळं चालू होईल.”

म्हणजे अडचण तांत्रिक नाही. पैसे भरताच दहा मिनिटांत सुटणारी अडचण आपणच निर्माण केलेली आहे.

डोमेन आणि होस्टिंग यांतला फरक आपल्या व्यवस्थापनाला मी समजावून सांगायची गरज नसावी. भाड्याचा गाळा सोडल्यावर मालक गाळ्याची किल्ली परत घेतो, आमच्या फर्मचे नाव स्वतःकडे ठेवून घेत नाही. आमच्या डोमेनच्या नोंदीत नोंदणीदार म्हणून आपल्या कंपनीचे नाव कोणी आणि कोणत्या अधिकाराने घातले, याचा खुलासा मला लेखी हवा आहे. बिल आमच्या फर्मच्या नावाचे, जीएसटी क्रमांक आमचा, आणि नोंद मात्र आपली, हे मला मान्य नाही.

डॉट कॉमसारख्या डोमेनला आयकॅन या डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे नियम लागू असतात, आणि आपण स्वतःला मान्यताप्राप्त रजिस्ट्रार म्हणवता. नोंदणीदाराने मागणी केल्यापासून ५ दिवसांच्या आत ट्रान्सफर कोड देणे त्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि ग्राहकाने दुसरी एखादी सेवा विकत घेतली नाही, हे ट्रान्सफर नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. आता नोंदीतले नाव बदलले की ६० दिवस ट्रान्सफर होणार नाही, असे कृपया सांगू नये. नाव बदलण्यापूर्वी ते बंधन उठवण्याची मुभा रजिस्ट्रारला त्याच नियमांत दिलेली आहे.

हे नाव आमच्या खोक्यांवर, बिलांवर आणि प्रत्येक ग्राहक कंपनीच्या व्हेंडर नोंदणीत आहे. जीएसटी पोर्टलचे ओटीपी, बँकेच्या सूचना आणि व्हेंडर पोर्टलचे पासवर्ड बदलण्याचे दुवे याच ईमेलवर येतात. पुढच्या खेपेला नूतनीकरण आपल्याच हाती राहिले आणि ते झाले नाही, तर मुदतीनंतरचा सवलतीचा काळ, त्यापुढचे ३० दिवसांचे रिडेम्प्शन (जादा शुल्क भरून डोमेन परत मिळवण्याचा काळ) आणि डोमेन काढून टाकण्यापूर्वीचे शेवटचे ५ दिवस संपल्यावर ते डोमेन कोणीही घेऊ शकेल, आणि आमच्या नावाने येणारे ईमेल त्याच्या हाती पडतील. ज्या नावाच्या विश्वासावर कंपन्या आम्हाला आगाऊ रक्कम पाठवतात, ते नाव मी आपल्या मर्जीवर सोडणार नाही.

माझी मागणी स्पष्ट आहे. डीएनएसचा ताबा आजच परत द्यावा, म्हणजे निदान ईमेल सुरू होतील. नोंदणीदार म्हणून आमच्या फर्मचे नाव लावावे, डोमेनचे ट्रान्सफर रोखणारे लॉक काढावे आणि ट्रान्सफर कोड द्यावा. डोमेनचे शुल्क भरलेले आहे, हे पुन्हा एकदा नमूद करते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. आम्ही उपजीविकेसाठी स्वतः राबून हा व्यवसाय करतो, त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक म्हणून दाद मागण्याचा आमचा हक्क आहे. पोच मिळाली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि आयकॅनकडे तक्रार नोंदवीन, आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वागळे इस्टेटमधल्या दोन ओळखीच्या कारखानदारांना मीच आपल्याकडे पाठवले होते. त्यांच्या डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आहे ते तपासा, असे मी त्यांना आजच कळवले आहे.

उत्तर लेखीच पाठवावे. आपल्या नोंदीत असलेला आमचा ईमेल आपण बंद पाडला आहे, म्हणून ते बिलावर छापलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर टपालाने पाठवावे.

आपली ग्राहक,
भागीदार, रबर गॅस्केट व ऑइल सील उत्पादक
वागळे इस्टेट, ठाणे

सोबत : डोमेन शुल्काचे बिल, होस्टिंग बंद करण्याविषयी पाठवलेले पत्र