वेळापत्रकात नदीचंही नाव हवं

नाशिक
२० ऑक्टोबर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या तुमच्या त्रिभुज प्रदेशाच्या पाण्याच्या भांडणावरून तू विचारलंस, "बाबा, तुम्ही माझ्या जागी असता तर कोणाच्या बाजूने उभे राहिला असता, पंपांच्या की माशांच्या?" फोनवर याचं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून लिहायला घेतलं. पाटबंधाऱ्यात जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताना तो काय म्हणणार हे तू मनात धरून ठेवलं असशील. तसं मी म्हणणार नाही, पण तुझ्या ऑफिसातल्या नदीप्रेमी मंडळींना आवडेल असंही काही म्हणणार नाही.

तू पाठवलेला नकाशा टेबलावर पसरून बसलो होतो. उत्तरेकडून सॅक्रामेंटो, दक्षिणेकडून सॅन वाकीन. दोघी एकत्र येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उतरतात. पाऊस आणि बर्फ उत्तरेला, माणसं आणि बागा दक्षिणेला. मधला तो त्रिभुज प्रदेश मुळात दलदल. दीडशे वर्षांपूर्वी बांध घालून ती शेतीखाली आणली. जवळजवळ ११०० मैलांचे बांध म्हणजे आमच्या खात्याला मागच्या जन्मीचं पाप वाटावं अशी देखभाल! कुजलेल्या वनस्पतींची ती काळी माती उघडी पडून वाळली की हवेशी संयोग होऊन झिजत जाते. जमीन खचते, बांध उंच करावे लागतात, जमीन आणखी खचते. काही बेटं आज समुद्रसपाटीच्या २५ फूट खाली आहेत. आणि या बेटांच्या मधून वाहणाऱ्या पाण्यावर सुमारे २.७ कोटी लोकांचे नळ कमीजास्त अवलंबून.

दक्षिणेच्या टोकाला केंद्राचे आणि राज्याचे पंप आहेत. ते जोरात चालले की ओल्ड आणि मिडल या दोन फाट्यांचा प्रवाह उलटा फिरतो, हे वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. पाणी उपसून डोंगरावर चढवलेलं मी पाहिलंय, नदी उलटी फिरवलेली नाही पाहिली. प्रवाहाच्या अंदाजाने जाणारा मासा मग समुद्राऐवजी पंपाकडे जाणारच. तो बोटाएवढा डेल्टा स्मेल्ट मासा, आयुष्य जेमतेम वर्षाचं, १९९३ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, २००७ मध्ये न्यायाधीशांनी त्याच्यासाठी पंपांवर बंधनं घातली, आणि तरीही शरद ऋतूतल्या पाहणीत २०१८ पासून वर्षानुवर्षं एकही सापडेना. शेवटी हौदात वाढवलेले मासे सोडायची वेळ आली. संरक्षण कागदावर होतं आणि पाणी दुसरीकडे जात होतं, असं मी यातून समजतो.

आता "मासा की माणूस" हे जे तुमच्याकडे पाट्यांवर लिहितात म्हणतेस, ते मला पटत नाही. समुद्राकडे जाणारं गोडं पाणी माशासाठी तर असतंच, पण खाऱ्या पाण्याला बाहेर ढकलून ठेवण्याचं कामही तेच करतं. ते कमी पडलं की मीठ आत सरकतं आणि पंपांच्या तोंडाशी येतं. २०१५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या दुष्काळात फॉल्स रिव्हर नावाच्या फाट्यात दगडांचा बंधारा घालून खारं पाणी अडवावं लागलं, हे तूच पाठवलेल्या कागदांत आहे. म्हणजे समुद्रात "वाया" जाणारं पाणी लॉस एंजेलिसच्या नळाची राखण करत होतं. आपल्याकडेही हा शब्द फार सैल वापरतात. नार-पार असो, दमणगंगा असो, पश्चिमेला उतरणारं पाणी अरबी समुद्रात वाया जातं, ते बोगद्यातून गोदावरीत आणा, असं प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. आणायचं की नाही हा वेगळा प्रश्न. पण खाली खाडीत कोणी राहत असेल, कोणी मासे धरत असेल, याचा उच्चार त्या भाषणांत कधी ऐकला नाही.

इथे सध्या आपला नेहमीचा ऑक्टोबर चालू आहे. १५ तारीख झाली, जायकवाडीत किती टक्के याची चौकशी चहाच्या टपरीवरसुद्धा होते, कारण ते कमी असलं तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली मराठवाड्याला पाणी सोडावं लागतं. तू शाळेत होतीस तेव्हा या भांडणाला आजचं कायदेशीर रूप नव्हतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ (६) (ग) ने समन्यायी वाटप आणलं, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचा हिशेब बसवून दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या हिशेबाने खाली जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्यांनी सोडायचं. २०२३ ला नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला. असं पाणी निघण्याआधी काय चालतं ते तुला ठाऊक नसेल. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, पोलीस उभे करायचे. काठावरचा शेतकरी डोळ्यांसमोरून पाणी जाताना बघतो आणि त्याच्या मोटारीला वीज नसते. पैठणला पोचेपर्यंत किती मुरलं, किती उडालं, यावर पुढचे दोन महिने भांडण. वरचा म्हणतो तुम्ही उसाला वापरता, खालचा म्हणतो तुम्ही द्राक्षाला वापरता, आणि दोघांचंही थोडंफार खरं असतं.

या सगळ्या हिशेबात नाशिक महापालिका आहे, एकलहऱ्याचं वीज केंद्र आहे, कोपरगाव-राहात्याचे कालवे आहेत, मराठवाडा आहे. गोदावरी नाही. ती फक्त वाहतुकीचा रस्ता. कोर्टात वरच्यांचा वकील असतो, खालच्यांचा वकील असतो. आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की गंगेवर (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) पाणी दिसतं, बंद झालं की शहराचं सांडपाणी बरंच, आणि पुढे चांदोरी-सायखेड्याला पाणवेलींचा हिरवा गालिचा. रामकुंडातलं काँक्रीट काढावं म्हणून लोक कोर्टात गेले ते योग्यच झालं, पण काँक्रीट निघून जिवंत झरे मोकळे झाले तरी वरून काय आणि कधी यायचं हे गंगापूर धरणाचं वेळापत्रकच ठरवणार.

तू आता नांदूरमध्यमेश्वरचं उदाहरण देशील, म्हणून आधीच लिहितो. गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांनी १९०७ ते १९१३ मध्ये बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. पक्ष्यांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. गाळ साचला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती आल्या, मग चक्रवाक, थापट्या, वारकरी हे पक्षी आले, मागून दुर्बिणी घेतलेली माणसं आली. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं. तुमच्याकडचं लिबर्टी आयलंड तसंच ना? १९९८ मध्ये बांध फुटला, पुन्हा बांधला नाही, भरती-ओहोटीने आपोआप पाणथळ तयार झालं. दोन्ही ठिकाणी निसर्ग परत आला तो आपल्या हलगर्जीपणामुळे, हे इंजिनिअर म्हणून मला जरा झोंबतं. पण यावरून "निसर्गाला मोकळं सोडा, तो बघून घेईल" असा निष्कर्ष काढू नकोस. चापडगावच्या मनोऱ्यावरून जो गाळ सुंदर दिसतो, तोच चांदोरी-सायखेड्याच्या माणसाला पुराचं कारण वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरांत पाणी होतं. "गाळ काढा" म्हणणाऱ्या त्या माणसाला पक्ष्यांचा शत्रू ठरवणं सोपं आहे, त्याच्या ओट्यावर बसून बोलणं अवघड. आणि बंधाऱ्याची पातळी आजही कालव्याच्या आवर्तनावरच खाली-वर होते. पक्ष्यांना मिळतं ते इतरांचं देऊन झाल्यावर उरलेलं.

आता माझं म्हणणं. कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळतं ते हेडवाल्याच्या, म्हणजे सुरुवातीच्या शेतकऱ्याच्या, चांगुलपणामुळे मिळत नाही. शेजपाळीच्या, म्हणजे पाणी-पाळीच्या, पत्रकात त्याचं नाव, त्याचा दिवस, त्याचे तास लिहिलेले असतात म्हणून मिळतं. नाही मिळालं तर तो शाखेत येऊन टेबलावर हात आपटू शकतो, आणि आपटतो. माझ्या टेबलावर खूपदा आपटलेत. नदीला नमुना नंबर सातचा पाणी अर्ज भरता येत नाही. तिच्या वाट्याची हमी म्हणजे अधिकाऱ्याची सद्बुद्धी, आणि दुष्काळात सगळ्यात आधी आटते ती तीच. नदीचं मुख हे सगळ्या नदीचं टेल आहे. आपल्या गंगेचंही आहे. आंध्रात धवलेश्वरमला कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८५२ मध्ये बंधारा पुरा केला, त्याखाली गौतमी-वसिष्ठा फुटतात, पुढे कोरिंगाची कांदळवनं. त्यांना पाण्याइतकाच गाळ लागतो, आणि आपल्या सह्याद्रीचा गाळ नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, बसून राहतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोरिंगाचं नाव मी एकाही बैठकीत ऐकलं नाही.

तुमच्या २००९ च्या कायद्यात दोन उद्दिष्टं समान मानली आहेत, पाण्याचा भरवसा आणि त्रिभुज प्रदेशाचं पुनरुज्जीवन. वाचायला उत्तम. पण कोरड्या वर्षी एका उद्दिष्टाकडे करारपत्रं, बिलं आणि आमदार असतात आणि दुसऱ्याकडे अहवाल असतात. म्हणून नदीचा वाटा उरलेल्यातून देऊच नये. किती क्युसेक (सेकंदाला घनफूट), कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी मोजायचे, हे आधी लिहावं आणि मग बाकीच्यांना वाटावं. कमी पाण्याच्या वर्षी तोही कमी होईल, हरकत नाही. पण तोही टक्केवारीने व्हावा, इतरांचा होतो तसा. सगळ्यांचा थोडा आणि तिचा पूर्ण, असं नको.

आता उत्तरेचं पाणी त्रिभुज प्रदेशाला वळसा घालून दक्षिणेच्या पंपांकडे नेणाऱ्या बोगद्याबद्दल. १९८२ मध्ये लोकांनी कालव्याची योजना मतदानाने फेटाळली, मग दोन बोगदे आले, २०१९ ला त्यातला एक उडाला. आता ६००० क्युसेकचा एकच. मी सवयीने हिशेब केला: त्या वेगाने आपलं गंगापूर धरण, गाळाने ७.२ वरून साधारण ५.६ टीएमसीवर आलेलं, अकरा दिवसांत भरेल. उत्तरेकडून पाणी उचललं तर दक्षिणेचे पंप मंद चालवता येतील आणि प्रवाह उलटा फिरणार नाही, हा मुद्दा खोटा नाही. पण तेवढंच गोडं पाणी दलदलीत शिरण्याआधी निघून जाणार, हेही खोटं नाही. काँक्रीटवर मला राग नाही. दरवाजा कोणाच्या हुकमाने उघडेल आणि किती पाणी खाली सोडल्याशिवाय उघडणारच नाही, हे बांधकामाआधी ठरलं असेल तर मी त्या बोगद्याच्या बाजूने हात वर करीन. बांधकामानंतर ठरवू म्हणत असतील तर नाही. धरण बांधून झाल्यावर अटी पाळल्या गेल्याचं माझ्या आठवणीत नाही.

पाणथळीच्या एकरांबद्दलही सावध राहा. ३०,००० एकर पुन्हा दलदल करू, असं जाहीर करणं सोपं जातं, कारण एकर फोटोत दिसतात आणि जमीन विकतही घेता येते. प्रवाह दिसत नाही आणि तो कोणाच्या तरी शेतातून काढावा लागतो. पाणी न वाढवता नुसती जमीन दिली तर मासा तिथे नांदेल का, हे मला तुझ्याइतकं कळत नाही, पण मी पाण्याशिवाय लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याखालची जमीन, वाढवलेलं पाहिलंय आणि त्याचं काय होतं तेही पाहिलंय.

शेतकऱ्यांना शिव्या घालणाऱ्यांत मात्र सामील होऊ नकोस. तिथे कापूस सोडून बदाम लावले, इथे बाजरी सोडून द्राक्ष लावलं, कारण तेच हिशेबात बसत होतं आणि बँक त्यालाच कर्ज देत होती. कापूस एखाद्या वर्षी न लावता चालतं. बाग एक वर्ष कोरडी ठेवता येत नाही. द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची) झाल्यावर तुझ्या मामाला "यंदा पाणी पक्ष्यांना" असं कोणी सांगितलं तर तो काय करील, तू जाणतेस. पाणी कायमचं हलवायचं असेल तर त्याची भरपाई आधी द्यावी, वेलीचं आयुष्य संपेपर्यंत मुदत द्यावी. नुसतं कालव्याचं पाणी तोडलं तर माणूस बोअर खोल नेतो. तुमच्या सॅन वाकीन खोऱ्यात त्यापायी जमीन खचली, आणि आता २०१४ च्या कायद्याने तोही उपसा बांधायचा चाललाय.

तेव्हा पंप की मासे हे सोड. तुझ्या साहेबांकडे तुमच्या पाणीवाटपाच्या आराखड्यातलं सलग तिसऱ्या कोरड्या वर्षाचं पान माग. कोणाला किती आणि कोणत्या क्रमाने, ते तिथे आकड्यांत लिहिलं आहे का बघ. असेल तर मला पाठव, मी एप्रिलपर्यंत महिन्यामहिन्याने तपासून देतो. नसेल तर बैठकीत तेवढंच विचार, इंग्रजीत कसं विचारायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आईने चकल्या पाठवायचं ठरवलंय, पत्ता तोच आहे ना ते कळव.

तुझे
बाबा