ॲपच्या हिशेबात आईचा एकही दिवस चुकला नव्हता

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आईला टीबी झाला तेव्हा कुर्ल्याच्या आमच्या घरात स्मार्टफोन एकच होता, माझा. औषधाची आठवण करून देणारं ॲप त्यातच टाकलं. सकाळी ठाण्याची लोकल घाटकोपरला पोचेपर्यंत फोन वाजायचा आणि मी 'गोळी घेतली' दाबायचो. आई घेत असणार, असंच धरून चालायचो. चौथ्या महिन्यात तांदळाच्या डब्यामागे न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. मळमळतं म्हणून ती गोळ्या लपवत होती.

साहेब, त्या नोंदीतच उत्तर होतं. सूचना वाजल्यावर तीन सेकंदांत रोज बटण दाबलं जात होतं. उठून पाणी आणायला, गोळ्या गिळायला तेवढा वेळ पुरतो का? कुणी नीट वाचलं असतं तर वेळीच कळलं असतं.

म्हणून विनंती आहे की आरोग्य ॲपचं यश डाउनलोडवर मोजू नका. पहिल्या आठवड्यात किती जणांनी ते उघडलं, तिसऱ्या महिन्यात किती उरले, लोक कुठे थांबले, हे मागवा आणि जाहीर करा. पण वापराच्या नोंदीवरही डोळे मिटून विसंबू नका. टीबीचे रुग्ण रोज औषध घेतात का, यावर फोनवरून लक्ष ठेवणाऱ्या 'नाइन्टीनाइन डॉट्स' पद्धतीत गोळी काढली की पाकिटावरचा लपलेला नंबर दिसायचा, त्यावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा. संशोधकांनी लघवी तपासून ताळा घेतला, तर काहींनी कॉल केला होता पण औषध घेतलं नव्हतं, आणि काहींचं नेमकं उलट होतं.

या नोंदींचा चांगला उपयोग मुंबईतच झालाय. 'अरमान' संस्थेच्या 'एममित्र' सेवेत गरोदर बायका फोनवर येणारा दर आठवड्याचा संदेश किती वेळ ऐकतात हे पाहून, ज्या ऐकणं सोडतील असं वाटतं त्यांना माणसं फोन करतात. आपल्या ॲपमध्येही कुणाची नोंद थांबली किंवा संशयास्पद दिसली, की पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकेला त्या घरी पाठवा. त्या ताईंना या कामाचे वेगळे पैसे द्या, आधीच त्यांच्यावर भार खूप आहे.

जाहीर होणाऱ्या आकड्यांत मात्र नाव, नंबर, पत्ता काहीही नको. चाळीत टीबीची कुणकुण लागली तरी लोक पाण्याचा पेला वेगळा ठेवतात. आईने ते सोसलंय.

आपला,
कुर्ल्यातील एक नागरिक