पत्ता

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

चि. रेणू हिस अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आईशी रोज बोलतेस हे मला कळतं. ती फोन घेऊन मागच्या गॅलरीत जाते आणि परत आल्यावर मी न विचारताच सांगते, "बरी आहे." म्हणून पत्र लिहायला बसलो. फोनवर माझं तोंड सुटतं, कागदावर निदान खोडता येतं. हा तिसरा कागद.

बुधवारी जे पहिल्यांदा बोलायला हवं होतं ते आधी लिहितो. तुला तिकडं कॅलिफोर्नियात खाजगी डिटेक्टिव्हचा परवाना मिळाला, फार आनंद झाला. त्यासाठी लागणारे कामाचे 6,000 तास म्हणजे काय ते मी परवा कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिलं. रोजचे आठ धरले तर 750 दिवस होतात. तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, गाडीत बसून डबा खात, तासांचा हिशेब वहीत लिहीत आणि त्यावर साहेबाची सही घेत तू काढलीस. मग बोटांचे ठसे, मग ती दोन तासांची परीक्षा. आपल्या घरात सरकारी परीक्षा पास झालेली तू तिसरी. पहिले नाना, दुसरा मी, आणि माझी कशी होती ते तुला माहीतच आहे.

आई अजून लोकांना "वकिलांच्या ऑफिसात आहे" एवढंच सांगते. ते खोटंही नाही म्हणा, तुझी निम्मी कामं वकिलांचीच असतात. बाळू मात्र राजवाड्यावर "आमची रेणू तिकडं सीआयडी झाली" म्हणत सुटलाय. त्याला म्हटलं, अरे सीआयडी पोलिसांचं असतं, हे खाजगी. तर म्हणतो, म्हणजे पगार जास्त असेल.

आता बुधवारचं. "पत्ते विकायचा धंदा" हे शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. तू हरवलेले साक्षीदार शोधतेस, विम्याचे खोटे दावे तपासतेस, कुणा म्हातारीचा तीस वर्षं दुरावलेला भाऊ शोधून देतेस, हे सगळं तू मला सांगितलेलं होतं. तरी मी तेवढंच बोललो. माझं चुकलं. त्या विषयावर पुन्हा यायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तिकडचे कायदे कडक आहेत हेही पटलं. समोरच्याला न सांगता त्याचं खाजगी बोलणं टेप करायचं नाही, दुसऱ्याच्या गाडीला जीपीएस चिकटवायचं नाही, दर दोन वर्षांनी परवाना नवा करायचा. आपल्याकडे यातलं काय आहे? सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्यांसाठी 2005 चा कायदा आहे, पण डिटेक्टिव्हांसाठी 2007 साली राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा काही झालाच नाही. दुकान काढायचं, पाटी लावायची, झालं. 2018 साली ठाण्याच्या पोलिसांनी लोकांच्या मोबाइल कॉलचे तपशील विकल्याबद्दल काही डिटेक्टिव्ह पकडले, तेव्हा पेपरात वाचलं होतं. आणि इकडं कामं कसली, तर निम्मी लग्नाआधीची चौकशी. मुलगा पितो का, पगार खरा सांगितलाय का. आमच्या वेळी ही चौकशी पोस्टमनकडेच व्हायची, फुकट. चहा पाजला की झालं. सुलूच्या वेळी कोरेगावच्या पोस्टमनला मीच चहा पाजला होता. त्यानं "मुलगा सोनं आहे" म्हणून सांगितलं. असो.

प्रसादकडून इंटरनेटवरचे काही कागद छापून घेतलेत. तू चिडशील, पण वाच. 1989 साली तुमच्या लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर नावाच्या नटीला एका वेड्या चाहत्यानं दारात जाऊन मारलं. पत्ता त्यानं एका खाजगी डिटेक्टिव्हकडून मिळवला होता, आणि त्याला तो मिळाला गाड्यांच्या सरकारी नोंदींतून. त्यानंतर गाड्यांच्या नोंदींतली माहिती उगाच कुणालाही द्यायची नाही असा 1994 चा कायदा आला, तो तू परीक्षेला वाचला असशीलच. दुसरी न्यू हॅम्पशायरची एमी बॉयर, वीस वर्षांची. 1999 सालची गोष्ट. एका मुलानं पैसे भरून तिची माहिती मागवली. माहिती काढणाऱ्या बाईनं थेट एमीलाच फोन केला, वेगळंच कारण सांगितलं, आणि कुठं काम करते ते तिच्याच तोंडून काढून घेतलं. मुलगा तिथं गेला, तिला मारलं आणि स्वतःलाही संपवलं. पुढं 2003 मध्ये तिथल्या वरच्या कोर्टानं सांगितलं की असं काही होऊ शकतं हे माहिती विकणाऱ्याला आधी कळायला हवं, आणि ज्याची माहिती देतोय त्याच्याबाबत त्यानं काळजी घेतलीच पाहिजे.

तेव्हा गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, का हवाय पत्ता. कागद मागायचे. नातं सांगितलं तर पुरावा मागायचा. रडला तर जास्त मागायचा. बायको शोधणारा नवरा आला तर कोर्टाचा काही हुकूम आहे का ते आधी बघायचं. गोड बोलणाऱ्याचं तर अजिबात...

बघ, आलोच परत तिथं. माफ कर. 6,000 तास तू काढलेत, मी नाही.

तुला आठवतं का, पाचवी-सहावीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर बटवड्याआधी टपाल लावायला बसायचीस? पोस्टमास्तर कानाडोळा करायचे. वाचता न येणारी पाकिटं मी तुझ्यापुढं टाकायचो. एकदा एका कार्डावर नुसतं "आबा मास्तर, पिंपळाखाली, सातारा" एवढंच होतं. दोघं पोस्टमन ते परत पाठवायला निघाले. तू म्हणालीस, शिक्का बघा, रहिमतपूरचा आहे, रहिमतपूरहून बदलून आलेले मास्तर किती असतील? मंगळवार पेठेत दुसऱ्याच दारात सापडले. ते कार्ड त्यांच्या बहिणीचं होतं. त्यांनी तुला खडीसाखर दिली आणि तू ती दप्तरात ठेवलीस, मग मुंग्या. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणालो होतो, ही माझ्यापेक्षा बरी पोस्टमन होईल. तू झालीस ते यातलंच काहीतरी आहे, असं मी आपलं मनाशी धरून चालतो.

आता तर रजिस्टर टपालही नाही म्हणे, 2025 मध्येच स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. पोचपावतीचं ते पिवळट कार्ड कुणाला आठवणार आता.

कागद संपत आला म्हणून दुसरा घेतलाय. एक गोष्ट सांगायची आहे. ही आईला माहीत नाही. नानांनाही माहीत नव्हती.

तू नव्हतीस तेव्हा. 1988. नोकरीत नवाच होतो आणि तेव्हा सातारला नव्हतो, कुठं ते राहू दे. माझ्या बीटात एका चाळीत एक बाई राहायची. लहान मुलगा होता, चार-पाच वर्षांचा. ब्लाउज-परकर शिवून द्यायची. पुण्याहून भाऊ दर महिन्याला मनीऑर्डर करायचा, शंभर रुपये. तिला वाचता यायचं नाही, म्हणून कुपनावरच्या दोन ओळी मीच वाचून दाखवायचो. "तब्येत जप. राजूला शाळेत घाल. काळजी करू नको." दर महिन्याला थोडंफार तेच, पण ती दोनदा वाचायला लावायची.

एक दिवस चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, बहिणीकडं आलोय, चाळ सापडेना. स्वतःचं नाव सांगितलं. तेच नाव, पाठवणाऱ्याच्या जागी मी दर महिन्याला वाचायचो ते. मला वाटलं, अरे, हाच तो! उलट मला आनंद झाला. मी त्याला चहा पाजला, रेणू. तो नको म्हणत होता. पंपाशेजारची चाळ, तिसरी खोली, असं सांगून वर हातानं दाखवलं.

पुढच्या महिन्याची मनीऑर्डर घेऊन गेलो तर खोलीला कुलूप. शेजारणी आत गेल्या. एकजण एवढंच बोलली, "नवरा घेऊन गेला, रात्रीचाच." शिलाईचं मशीन घरमालकानं भाड्यापोटी व्हरांड्यात ओढून ठेवलं होतं. त्याच्या सुईखाली अर्धं कापड तसंच होतं. पैसे परत गेले.

पंधरा दिवसांनी खरा भाऊ आला. काळासावळा, बुटका, कुठल्यातरी कारखान्यात होता, हातावर भाजल्याचे डाग. पोस्टात येऊन मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, "भाऊ, माझ्या बहिणीला विचारत कुणी आलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

नोकरी नवी होती. टपालाबद्दल तिऱ्हाइताला काही सांगायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. मी "आला होता" म्हणालो असतो तर त्यानं माणूस कसा दिसत होता ते विचारलं असतं, कधी आला, कुठल्या बाजूला गेला. मला सगळं आठवत होतं. त्याच्या डाव्या हाताचं घड्याळसुद्धा. कदाचित त्याला माग लागला असता. तो "बरं" म्हणाला आणि स्टँडकडं गेला. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्या मुलाचं वय आता चाळिशीचं असेल.

बुधवारी तू सांगत होतीस की तुझं पहिलं स्वतःचं काम आलंय, कुणी गृहस्थ पुतणी शोधतायत, आणि फार सभ्य आहेत. तिथून पुढं मला काही ऐकू आलं नाही. मग मी जे बोललो ते बोललो.

तू माझ्यासारखी बावळट नाहीस. तुझ्याजवळ कायदा आहे, कोर्टाचे निकाल आहेत, तू मला दहा प्रश्न विचारून गप्प करतेस. तरी एक विचारू? ती पुतणी सापडली तर त्यांना पत्ता द्यायच्या आधी तिला विचारता येतं का? की अमुक गृहस्थ तुम्हाला शोधतायत, सांगू का? तुमच्यात तसं करत असतील तर मला फोनवर नुसतं "हो" म्हण, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. काढलाच तर आईला फोन दे.

बाकी ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, यवतेश्वरला चालत जायचं बंद केलंय. प्रसादला म्हटलंय तुझ्या परवान्याचा फोटो मोठा छापून आण. नानांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवलाय. आई म्हणते आधी फोटो येऊ दे, मग खिळा. तिला सांगू नकोस, पण तो खिळा मी गुरुवारीच ठोकला.

आणि एक. बाळूचा कोणी मित्र पुढच्या महिन्यात तुमच्या बाजूला येतोय, चकल्या घेऊन येतो म्हणतो. तुझा पत्ता मागत होता. मुलगा चांगला वाटला, आईनं तर वहीतून काढूनही ठेवला होता. मी म्हटलं, थांब. अजून दिलेला नाही. देऊ का?

तुझे,
बाबा