लाकूड कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

रायफलला नवं लाकूड बसलं हे फोनवर कळवलंच आहे. पण फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही; दोन वाक्यं झाली की पुन्हा पुढचा स्क्रू किती घट्ट आहे यावर येता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून उभं आयुष्य घालवून तुम्ही जे कमावलंत, ते मला हातचं काही न राखता दिलंत. अशी जुनी रायफल जपणाऱ्या इतरांच्याही ते कानावर जावं असं मनापासून वाटतं.

माझ्याकडे ही शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, ब्रिटिश सैन्याची जुनी रायफल, आली तेव्हा तिची नळी आणि नळीमागचा धातूचा सांगाडा म्हणजे अ‍ॅक्शन ठणठणीत होती, लाकडाचे मात्र हाल झाले होते. आधीच्या कुणीतरी शिकारीसाठी हलकी करायची म्हणून पुढचा दस्ता, म्हणजे नळीखालचं लाकूड, अर्ध्यात कापला होता आणि उरलेल्या तुकड्याला मागच्या टोकाशी उभी भेग गेली होती. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते लाकडाबद्दल नव्हतंच. गोळी आत ढकलणारा सरकता बोल्ट बाहेर काढला का, गोळ्यांचं मॅगझिन काढलं का, गोळी बसते ते चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी रिकामं पाहिलं का? त्यानंतर मागचा दस्ता ज्यात बसतो त्या धातूच्या सॉकेटच्या उजव्या बाजूचा फोटो मागितलात. मुकुटाचा ठसा, कारखान्याचं नाव, वर्ष आणि खाली तीन रेघा व एक तारा. तेवढ्यावरून तुम्ही सांगितलंत की ही मार्क तीन स्टार, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीचं सोपं केलेलं रूप, आहे. १९०७ साली स्वीकारलेल्या मार्क तीनला लांब पल्ल्याच्या व्हॉली साइट्स, म्हणजे फार दूरवर नेम धरायची साधनं, असत आणि त्यांची तबकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला बसे. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत उत्पादन सोपं करायला त्या काढून टाकल्या. म्हणजे मला तबकडीची खाच नसलेला दस्ता शोधायचा होता. हे आधी कळलं नसतं तर हाती लागेल तो दस्ता मी आनंदाने घेतला असता.

मग आला तो लांब बोल्ट, गोळी ढकलणारा नव्हे, लाकूड धरणारा. मागचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, या एकाच बोल्टवर असतो. त्याच्या टोकावरच्या धातूच्या बटप्लेटच्या छिद्रातून आधी चामड्याची चकती बाहेर काढायची, मग लांब स्क्रूड्रायव्हर आत घालायचा. पण त्याआधी पुढचा दस्ता उतरवलाच पाहिजे, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की अजूनही तुमचा आवाज कानात आहे. बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या दस्त्यातल्या लोखंडी पट्टीत अडकून बसतं, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होत नाही. पुढचं लाकूड जागेवर असताना कुणी बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पट्टीला पिरगाळतं आणि लाकूड मागून उलतं. माझ्या जुन्या दस्त्याची भेग नेमकी त्याच जागी होती. भेगेचा फोटो पाहताच तुम्ही कारण सांगितलंत आणि पट्टी काढल्यावर तिच्या कडेवर चौकोनी टोकाचा ओरखडा स्पष्ट दिसला.

खरं शिक्षण त्यानंतरचं. दस्ता म्हणजे हातात धरायचं लाकूड, इतकीच माझी समजूत होती. तुम्ही म्हणालात, दस्ता हा रायफलचा कामाचा भाग आहे, त्याच्यावर भार येतो. गोळी सुटली की अ‍ॅक्शन मागे ढकलली जाते. तो धक्का मॅगझिनच्या खाचेमागे दोन्ही बाजूंना असलेल्या दोन लहान तिरप्या बैठका झेलतात. आर्मरर त्यांना ड्रॉ म्हणतात. धातू तिथे दोन्हीकडे सारखा टेकला पाहिजे. पुढच्या दस्त्याची मागची कड मात्र सॉकेटवर दाबता कामा नये, तिथे बारीक फट हवी. उलटं झालं, म्हणजे बैठका रिकाम्या आणि कड टेकलेली, तर धक्का त्या पातळ कडेवर येतो आणि नवं लाकूडही काही दिवसांत फाटतं. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने अक्रोडाऐवजी कोचवुड हे मऊ लाकूड वापरलं, तेव्हा याच बैठकांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. एवढीशी जागा, पण सगळा हिशेब तिथे.

मला मिळालेला पुढचा दस्ता जुना पण न वापरलेला होता. अशा सुट्या दस्त्यांत बैठकांवर मुद्दाम जास्तीचं लाकूड ठेवलेलं असतं, आर्मररने प्रत्येक रायफलला बेतून बसवावं म्हणून. काजळी तेलात कालवून तिचा अगदी पातळ हात धातूला द्यायचा, दस्ता दाबून बसवायचा, काढायचा आणि लाकडावर काळा डाग कुठे उमटला ते पाहायचं. फक्त तेवढाच डाग पटाशीच्या कडेने खरवडायचा. सुरुवातीला डाव्या बैठकीच्या एका कोपऱ्यात तिळाएवढा ठिपका यायचा, उजवी कोरी. हळूहळू दोन्हीकडे काळा रंग पसरत गेला आणि शेवटी एकही स्क्रू न लावता दस्ता अ‍ॅक्शनला घट्ट धरून राहिला, उलटा केला तरी खाली आला नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही "आता थांब" एवढंच म्हणालात. त्या दोन शब्दांनी झालेला आनंद सांगता येत नाही.

चापाचं तर मला माहीतच नव्हतं. या रायफलचा चाप अ‍ॅक्शनला नाही, खालच्या ट्रिगर गार्डला पिनने लटकलेला असतो आणि गार्ड व अ‍ॅक्शन यांच्यामध्ये असतं लाकूड. म्हणजे लाकूड आकसलं किंवा फुगलं की चापाची ओढ बदलणारच. चाप ओढतानाचा पहिला हलका टप्पा आणि दुसरा जड टप्पा यांतला फरक लाकडाच्या जाडीवर तोललेला. पुढे याच घराण्यातल्या नंबर चार रायफलच्या नंतरच्या मॉडेलांत चाप अ‍ॅक्शनलाच लटकवला, तो याच अडचणीमुळे. तुम्ही ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवतीचा छोटा पोलादी कॉलर, म्हणजे कडं, मोजायला लावलात. कॉलर लाकडापेक्षा उंच असेल तर स्क्रू कितीही आवळा, लाकूड सैलच राहतं, वरून मात्र सगळं घट्ट वाटतं. माझ्या मते जुन्या ली-एनफिल्डचा नेम बिघडला म्हणून नळीला दोष देणाऱ्यांनी आधी हा कॉलर पाहावा.

मागच्या दस्त्याचं काम त्यामानाने लवकर झालं. लाकडाचं निमुळतं टोक, म्हणजे कुसू, सॉकेटमध्ये चारही बाजूंनी बसेपर्यंत काजळीचीच रीत, शेवटचा थोडा भाग लाकडी मोगरीने ठोकून. लाकडाच्या शिरा मनगटाच्या जागी, म्हणजे मूठ धरायच्या बारीक भागात, सरळ धावतात का, हे विकत घेण्याआधीच पाहायला लावलंत ते बरं झालं. आडव्या शिरांचे दोन दस्ते दिसायला फार देखणे होते, त्यांना मी नाही म्हटलं.

वार्निश लावू दिलं नाहीत याबद्दलही आभार. नुसतं जवसाचं तेल, कोमट करून, तळहाताने चोळून. कापलेल्या टोकांच्या शिरा तेल पीत राहतात म्हणून तिथे पुन्हा पुन्हा. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या, कारण त्या आपसूक तापून पेट घेऊ शकतात. ही सूचना मी प्रत्येकाला देतो.

एक गोष्ट मात्र इथे मुद्दाम लिहितो. नव्या लाकडावर जुने ठसे उमटवून देतो असं एकाने मला सुचवलं होतं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात की ठसा म्हणजे कुणीतरी तपासून दिलेली सही असते, आपण ती कशी करायची? मला ते पूर्ण पटलं. नवा दस्ता कोराच आहे. कापलेला जुना तुकडा, त्यावरच्या सगळ्या खुणांसकट, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलाय आणि सोबत चिठ्ठीवर काय बदललं ते लिहिलंय, म्हणजे पुढे ज्याच्या हाती रायफल जाईल त्याची फसगत होणार नाही.

काका, तुमच्या वेळेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि माझ्या एकाही प्रश्नाला "हे तुला जमायचं नाही" असं उत्तर दिलं नाहीत. मी तुमचा फार ऋणी आहे.

वरच्या हँडगार्डची, म्हणजे नळीवरच्या लाकडी आवरणाची, स्प्रिंग क्लिप अजून नळीला नीट धरत नाही, एका रिव्हेटपाशी लाकूडही थोडं उकललंय. फोटो पाठवतो. रविवारी सकाळी फोन केला तर चालेल ना?

तुमचा कृतज्ञ,
एक विद्यार्थी